दुर्लक्षाचं कलम

मार्च लागला की आमच्या बिल्डिंगला एकदम शहाणपण सुचतं. वर्षभर जिन्यात क्रिकेट खेळणारी, लिफ्टचं दार आपटणारी, गणपतीत डीजे लावणारी ही भाईंदर पूर्वेची माणसं अचानक कुजबुजायला लागतात. लिफ्टमध्ये सोसायटीचा कागद लागतो, ‘बोर्डाच्या परीक्षा चालू आहेत, कृपया शांतता राखा.’ खाली तेच हिंदीत, तेच गुजरातीत. दुपारी खाडीवरून खारा, तापलेला वारा येतो आणि गॅलरीतल्या चादरी वाळून कडक होतात. रस्त्यावर कलिंगडाच्या गाड्या उभ्या राहतात. दारादारातून पाठांतराची गुणगुण ऐकू येते. या दिवसांत म्हणे लोकांना शाळा आठवते, कैऱ्या आठवतात. मला ठोसे आठवतात.

ठोसा म्हणजे कसा, ते सांगते. मुठीचं हाड गालफडावर बसतं तेव्हा सिनेमातल्यासारखा आवाज येत नाही. बारीक, ओला आवाज येतो, कणकेचा गोळा परातीत आपटल्यावर येतो तसा. मी दहावीत होते त्या वर्षी माझी धाकटी बहीण करुणा नऊ वर्षांची होती आणि स्वतःच्याच तोंडावर, डाव्या बाजूला, डाव्याच हाताने ठोसे मारायची. तिला बोलता यायचं नाही. आजही येत नाही. ‘ता’ म्हणजे मी, ताई. ‘पा’ म्हणजे पाणी किंवा पप्पा, जे आधी येईल ते. ती स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी तिच्या तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं. माझं नाव प्रज्ञा. पप्पांनी विहारातली प्रवचनं ऐकून मोठ्या हौसेने आम्हा दोघींची नावं ठेवली होती, आणि त्या मार्चमध्ये आमच्या घरात ना प्रज्ञा चालत होती ना करुणा.

आज मी अशाच मुलांच्या कामात आहे. वर्तन विश्लेषण. मूल जे करतं ते का करतं, त्याच्या आधी काय घडतं, नंतर त्याला काय मिळतं, हे नीट बघायचं आणि त्याला दुसरा, बिनत्रासाचा मार्ग शिकवायचा. चांगलं काम आहे, शपथेवर सांगते. पाणी हवं म्हणून डोकं भिंतीवर आपटणारी पोरं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायला शिकलेली मी पाहिली आहेत. पण या देशात कोणीही उठावं आणि या कामाची पाटी दारावर लावावी, असं चाललंय. दोन रविवारचा ऑनलाइन कोर्स, एक फ्रेम, झाले थेरपिस्ट. अहो, न्हाव्यालासुद्धा आधी कोणाच्या तरी दुकानात उमेदवारी करावी लागते! म्हणून आता राष्ट्रीय पातळीवर मानकं तयार होताहेत. हे काम कोणी करायचं, किती शिकून करायचं, कोणाच्या देखरेखीखाली, काय मुळीच करायचं नाही, आणि केलं तर काय. इंग्रजी मसुदा आला, त्याचा मराठी मसुदा करायला जो गट बसवलाय त्यात मी आहे. गटात माझी ख्याती भांडकुदळ अशी आहे. असू दे.

भांडण एका शब्दावरून सुरू झालं. दुर्लक्ष.

या कामात एक पद्धत आहे. मूल कोणी बघावं म्हणूनच ताट फेकत असेल, तर ओरडायचं नाही, धावायचं नाही, चेहराही बदलायचा नाही. ताट फेकून काही मिळत नाही हे कळलं की फेकणं बंद होतं. मराठी मसुद्यात त्याचं नाव पडलं ‘नियोजित दुर्लक्ष’. हे एका कलमात, मान्य पद्धतींमध्ये. आणि पुढे, ज्या चुकांसाठी नोंदणीतून नाव काढून टाकलं जाईल त्या कलमात पहिलाच शब्द, ‘दुर्लक्ष’. म्हणजे मुलाची हेळसांड. एकच शब्द एका पानावर औषध आणि दुसऱ्या पानावर गुन्हा. मी म्हटलं, हे असं छापून गेलं तर उद्या मूल मेलं तरी माणूस सुटेल. म्हणेल, मी पहिल्या कलमातलं दुर्लक्ष केलं, दुसऱ्यातलं नव्हे. आमच्या अध्यक्षबाई पुण्याच्या, आयुष्य शिकवण्यात गेलेलं, बोलणं मृदू. त्या म्हणाल्या, “प्रज्ञाताई, संदर्भाने अर्थ कळतो हो.” कळतो? माझ्या घरात नाही कळला.

चार्टवाले सर. त्यांचं नाव घेत नाही, आम्ही घरात त्यांना असंच म्हणतो. मीरा रोडला त्यांचं थेरपी सेंटर होतं, ठोसे सुरू झाले तसं पप्पा करुणाला तिथे घेऊन गेले. गार एसी, भिंतीवर जिराफ आणि हत्ती, दारासमोरच काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. पप्पा पोस्टात होते. छापील कागद आणि शिक्का यांवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास. सरांनी करुणाला जरा वेळ बघितलं. तिने दोन ठोसे मारले, आई धावली, आणि सरांना उत्तर सापडलं.

“बघितलंत? तुम्ही धावता, म्हणून ती मारते. लक्ष वेधून घेतेय. धावणं बंद, मारणं बंद.”

आई आमची जालन्याकडची. तिने विचारलं, “आन् तवर काय करायचं?”

“तोवर दुर्लक्ष करायचं, ताई. कोणीही मध्ये पडायचं नाही. आधी वाढेल. वाढलं की समजायचं, काम होतंय.”

या एका वाक्याने आमचं घर खाल्लं. कारण ते अर्धं खरं आहे. ताट फेकणारं पोर आधी दुप्पट फेकतंच, हे मीही पालकांना सांगते. पण स्वतःच्या डोळ्यावर बुक्के मारणाऱ्या मुलीला तसंच सोडा, असं कुठल्याही धड पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि सगळ्याच्या आधी, तिला कुठे दुखतंय का ते बघा, हे पहिल्या पानावर असतं. सर पहिल्या पानापर्यंत पोचलेच नव्हते, सरळ फ्रेम करायला गेले. आता आमची गंमत बघा. करुणाचं मारणं वाढलं की पप्पा म्हणायचे, काम होतंय. आणखी वाढलं की म्हणायचे, चांगलंच काम होतंय.

सरांनी चार्ट दिला तो करुणासाठी नव्हता, आमच्यासाठी होता. फ्रिजवर लावायचा. आई, पप्पा, ताई असे तीन रकाने. तिने मारलं आणि आपण बघितलं नाही की बरोबरची खूण, बघितलं की फुली. रविवारी सर बघायचे आणि म्हणायचे, “ताई, तुम्ही याही आठवड्यात नापास.” परीक्षेचे दिवस, आणि माझी आई दर रविवारी नापास व्हायची. तिच्या रकान्यात नुसत्या फुल्या. फुली पडली की पप्पा तिच्याशी जेवेपर्यंत बोलायचे नाहीत. पप्पांचा रकाना स्वच्छ, टपालाचे शिक्के ओळीत मारावेत तशा खुणा.

एक संध्याकाळ अजून माझ्या अंगात आहे. मी आतल्या खोलीत, कानात कापूस, समोर भूगोल. कापसातून आवाज येतच होता. आई पोळ्या लाटत होती, तोंड भिंतीकडे, कारण बघायचं नाही. ठोसा, लाटणं, ठोसा, लाटणं. हळूहळू दोन्हींचा वेग एक झाला. मग लाटणं थांबलं आणि खाली आपटलं.

“न्हाई जमायचं मला! लेकरू हाय का ढोल हाय?”

ती स्वयंपाकघरातून निघाली आणि पप्पांनी तिला दारात धरलं. माझ्या शांत, चष्मेवाल्या, कधी मुंगीवर पाय न दिलेल्या बापाने बायकोचे दोन्ही दंड आवळून धरले. “सरांनी सांगितलंय ना? आता बघितलंस तर इतक्या दिवसांचं पाण्यात जाईल!” आईने त्याला ढकललं. त्याने तिला चौकटीवर दाबलं, तिचं डोकं आपटलं. आईने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. पप्पा ओरडले, मी ओरडले, आणि आमच्या तिघांच्या मध्ये फरशीवर बसून करुणा शांतपणे, एका लयीत, स्वतःचा गाल फोडत होती. तिच्याकडे त्या क्षणी खरंच कोणी बघत नव्हतं. नियमाप्रमाणे आम्ही तिघेही पास.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कोणी लाथ घातली. वरच्या मजल्यावरचे मेहता अंकल, बनियनवर, घामाघूम. त्यांच्या मुलाचीही दहावी होती. “भाईसाब, मेरे बेटे का बोर्ड है। रोज का तमाशा है आपका। इसको कहीं छोड़ के क्यों नहीं आते?”

आई पप्पांच्या हातातून सुटली ती थेट दारात. तोंडाला पप्पांचं रक्त. “कहाँ छोडू? बोलो ना, कहाँ छोडू? तुम्हारे घर में छोडू?” अंकलनी हात उगारला. मारला नाही, पण उगारला. आई एक पाऊल पुढे गेली. “मारो! इस घर में सब मारताय, तुम भी मारो!” त्यांचा हात तसाच हवेत राहिला, मग ते तो केसांतून फिरवत वर निघून गेले. मुलगा त्यांचा नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवून पास झाला. पेढे दिले नाहीत आम्हाला.

लोक मला विचारतात, तुला तेव्हाचं अपराधी वाटत असेल ना? नाही वाटत. मी पंधरा वर्षांची होते. मला एका मोठ्या माणसाने सांगितलं की बघू नकोस, दुसऱ्या मोठ्या माणसाने त्यावर खुणा केल्या. मला राग येतो. तेव्हाही यायचा, आताही येतो, आणि तो ओसरत नाही याचा मला आनंद आहे. अपराधी वाटणारी माणसं मवाळ होतात, समित्यांवर बसून ‘दोन्ही बाजू’ म्हणायला लागतात. मला सरांच्या कानाखाली एक काढायची होती. ती राहून गेली ती गेलीच.

परीक्षा संपली, मी कानातला कापूस काढून खिडकीबाहेर फेकला. मग जयंती आली. आमच्या गल्लीत निळ्या पताका लागल्या, विहाराला रंग दिला. सकाळी आईने करुणाला न्हाऊ घातलं, नवा पांढरा फ्रॉक घातला. गालाची सूज थोडी उतरली होती, मारणंही कमी झालं होतं. पप्पा खुशीत होते. “बघ, सर बरोबर होते.” विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्यांचा वास, बाहेर ढोल. आईने जिलबी आणली आणि करुणाच्या डाव्या बाजूने पुढे केली. जिलबी म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने घेतली नाही. आईने डाव्या गालाजवळ नेली, तरी नाही. मी सहज उजवीकडून माझी जिलबी पुढे केली, तर तिने झडप घालून माझ्या हातातली ओढली. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने करुणाच्या डाव्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. पापणी हलली नाही. त्या ढोलांच्या आवाजात माझी आई जी किंचाळली ती मी पुन्हा कधी कोणाकडून ऐकली नाही.

डोळ्याचा पडदा सुटला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, असे मार रोज बसत राहिले तर सुटतोच, लवकर आणलं असतं तर परत चिकटवता आला असता. तपासायला भूल द्यावी लागली, आणि भूल दिल्यावर पहिल्यांदाच तिचं तोंड नीट उघडलं. डावीकडची खालची दाढ मुळापर्यंत किडलेली, हिरडीत पू. इतके दिवस ती दाढदुखीवर ठोसे मारत होती. लक्ष वेधत होती म्हणे. वेधत होतीच की! नऊ वर्षांचं, न बोलणारं लेकरू आणखी कसं सांगणार होतं? मारणं कमी झालं होतं, कारण गळू आपोआप फुटलं होतं. सरांचा उपाय लागू पडला तो असा.

पप्पा हॉस्पिटलमधून एकटेच बाहेर पडले. आम्हाला वाटलं, चहाला गेले. ते सरळ मीरा रोडला गेले, सेंटरमध्ये शिरले, खुर्ची उचलली आणि त्या सोनेरी शिक्क्यावर घातली. मग जिराफावर घातली. सर मध्ये आले तर त्यांच्यावर घालायला गेले, पण तिथल्या दोन पोरांनी पप्पांना खाली पाडून लाथा घातल्या. पप्पांच्या दोन बरगड्या गेल्या. पप्पांना आणि सरांना, दोघांनाही चौकीत नेलं. हवालदार वाईट नव्हता, त्याने पप्पांना पाणी दिलं, आणि मग तो कागद घेऊन बसला.

“काका, मुलीला मारलं कोणी?”

“तिनेच. स्वतः.”

“मग आरोपी म्हणून कोणाला लिहू? मुलीला?”

पप्पा म्हणाले, यांनी बघू नका म्हणून सांगितलं. हवालदाराने विचारलं, हे डॉक्टर आहेत का? नाहीत. मग यांचं लायसन कोण देतं? कोणीच नाही. मग कोणाकडे कळवू? त्याने खरंच विचारलं होतं, चेष्टेने नाही. सरांच्या बाजूला तसा काही प्रश्नच नव्हता. फ्रेम फुटली होती, तिला किंमत होती, फोडणारा समोर बसला होता. गुन्हा पप्पांवर लागला. काच फोडल्याचा गुन्हा होतो, डोळा फोडल्याचा होत नाही, हे मला दहावीच्या सुट्टीत कळलं.

निकाल चांगला लागला माझा. भूगोलात तर फारच चांगला.

त्यानंतर पप्पांनी आयुष्यात कुठल्याही कागदावर खूण केली नाही. निवृत्तीच्या अर्जावरच्या खुणासुद्धा मला करायला लावल्या. आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही, आणि मग एक दिवस भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारून बोलायला लागली. माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. तिच्या दाताचा वण पप्पांच्या मनगटावर अजून आहे. घड्याळ त्याच्यावरच बांधतात.

एवढं सगळं मी अध्यक्षबाईंना सांगितलेलं नव्हतं. का सांगायचं? नियम चांगला आहे हे पटवायला दर वेळी आपल्या माणसाचा फुटका डोळा टेबलावर ठेवायचा का? मी मुद्द्याने भांडत होते. गटातले एक डॉक्टर म्हणाले, ‘दुर्लक्ष’ नको तर ‘नियोजित अप्रतिसाद’ लिहू. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हा शब्द घेऊन मी मुर्ध्याला जाते, आणि तिथल्या एका तरी आईला तो कळला तर मी माझं नाव बदलते.

मुर्ध्याचं नाव उगाच नव्हतं घेतलं. भाईंदर पश्चिमेच्या त्या गावात माझ्याकडचं एक कुटुंब आहे. मिठागरं गेली, भातशेती गेली, आता घराला तिन्ही बाजूंनी टॉवर. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा कपाळ उंबऱ्यावर आपटतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याची आई पाठमोरी बसून मासे साफ करत होती, आणि मागे पोर आपटत होतं. मी धावले. तिने मान न वळवता मला सांगितलं, “म्यॅडम, बगू नका. सरांनी सांगलंय, बगाचा न्हाय. आदी वारंल, मंग थांबंल.” मी विचारलं, कुठले सर? तिने मीरा रोडचं सेंटर सांगितलं. आता तीन शाखा आहेत त्यांच्या. मी त्या पोराचं कपाळ माझ्या मांडीवर घेतलं, आणि ती बाई अजूनही भिंतीकडे बघत होती. खांदे हलत होते तिचे. म्हणाली, “मी बगतच न्हाय. पन मला आयकू येतंय ना, म्यॅडम.”

त्या रात्री मला झोप आली नाही आणि शब्द आला. आमच्या भाषेत तो होताच, रोजच्या वापरातला. आपण लक्ष देतो आणि आपण लक्ष ठेवतो. शेजारणीला सांगतो, जरा दुधावर लक्ष ठेव. दुधाला कोणी लक्ष देत नाही, त्याच्याशी गप्पा मारत नाही, त्याचे लाड करत नाही. पण ते उतू जायच्या आत हात गॅसच्या बटणावर असतो. पुढच्या बैठकीत मी लिहून दिलं, ‘लक्ष न देता लक्ष ठेवणे. आणि मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर ही पद्धत वापरू नये. आधी दुखणं तपासावं, आणि मार अडवावा.’ डॉक्टर म्हणाले, “काव्यात्मक आहे, पण कायद्याच्या भाषेत बसणार नाही.” अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी ठरवू. पुढची वेळ म्हणजे परवा झाली ती. मसुद्याची शेवटची बैठक. त्यानंतर कागद दिल्लीला जाणार होता, आणि एकदा गेलेला शब्द परत आणता येत नाही.

आता करुणा मोठी झाली आहे, माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा ताकदवान. उजव्या डोळ्याने ती खाडीवरचे बगळे बघते, जिलबी बघते, मी कामावरून आले की मला बघते. तेवढाच डोळा आहे तिला. आणि या मार्चमध्ये, लिफ्टमध्ये तो कागद लागला त्याच आठवड्यात, तिने पुन्हा मारायला सुरुवात केली. या वेळी उजवीकडे.

मी हादरले, पण थांबले नाही. आधी दात बघितले, मग पाळीची तारीख, मग कान. उजव्या कानात बुरशी निघाली, आतून लालभडक. थेंब सुरू केले. डॉक्टर म्हणाले, उतरायला आठवडा लागेल. म्हणजे आठवडाभर कोणाचा तरी हात तिची मूठ आणि तिचा डोळा यांच्या मध्ये हवा. पप्पांनी विकेटकीपरचे ग्लोव्हज आणले, आम्ही पाळ्या लावल्या. बोलायचं नाही, रागवायचं नाही, कुरवाळायचंही नाही. फक्त हात मध्ये. कान दुखतो तेव्हा कानाला हात लावून दाखव, हे सोबत शिकवायचं. शेजारची बिल्डिंग पाडताहेत, ड्रिलने भिंती थरथरतात, आणि प्रत्येक थरथरीला तिची मूठ उठते. आई म्हणते, “ह्या महिन्याच्या नानाची टांग.”

परवा बैठक सुरू झाली तेव्हा आईची पाळी होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. आमचं कलम यायला अजून दोन कलमं होती. ड्रिल सुरू झालं. आतून आईची हाक आली, “प्रज्ञा!” नुसतं नाव, पण मी तो सूर ओळखते. मी उठून धावले. ग्लोव्हज आईच्या हातांत होते, आई जमिनीवर पडलेली, तिच्या नाकातून रक्त, आणि करुणाची मूठ वर. मी उघडा हात मध्ये घातला. पहिला ठोसा तळव्यावर बसला. दुसरा बोटांवर. तिसरा माझ्या ओठावर, कारण मी चुकीच्या बाजूला झुकले. तिच्या अंगात त्या वेळी जे बळ येतं त्याची कल्पना देता येत नाही. हाड वाजलेलं मला ऐकू आलं, आणि मी क्षणभर घाबरून बघितलं की ते तिचं की माझं. माझं होतं. ठोसे पडत राहिले. मी एक शब्द बोलले नाही आणि एक क्षण तिच्यावरून नजर काढली नाही. ड्रिल थांबलं. तिची मूठ हळूहळू सैल झाली. मग तिने स्वतःचा तळवा उजव्या कानावर ठेवला आणि म्हणाली, “ता.” दुखणं असं दाखवलं ते पहिल्यांदा. मी तिचा डोळा बघितला. स्वच्छ, ओला, माझ्यावर रोखलेला. मी तिच्या कानात थेंब घातले.

लॅपटॉपसमोर परत आले तेव्हा पुढचं कलम चाललं होतं. मी विचारलं, आपलं कलम? अध्यक्षबाई कागदातच बघत होत्या. मृदू आवाजात म्हणाल्या, “प्रज्ञाताई, तुम्ही जागेवर नव्हता. मी दोनदा विचारलं, कोणाचा आक्षेप आहे का, असेल तर हात वर करा. कोणीच केला नाही. ‘नियोजित दुर्लक्ष’ मंजूर झालं. आता पुढे जाऊ या.”

मी हात वर केला. तोच. मधलं बोट भलतीकडे वळलेलं होतं, करंगळी काळीनिळी, मनगटापर्यंत माझ्या ओठाचं रक्त. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ धरला की माझं तोंड दिसेना.

“आता केलाय,” मी म्हटलं. “दिसतोय का?”

अध्यक्षबाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या हाताकडे बघितलं.

“दिसतोय,” त्या म्हणाल्या. “ते कलम पुन्हा घ्या. बोला, प्रज्ञाताई.”